बारा वाजून तेवीस मिनिटांची दुपार

एकवीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर माणसाला वाटू लागतं की आता आपल्याला कोण काय धक्का देणार. मलाही तसंच वाटायचं. अर्जुनी मोरगावपासून बसने अर्ध्या तासावर आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिथे मी, योगराज सर, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. ग्रह, तारे, ग्रहणं, ऋतू, सगळं तोंडपाठ. पुस्तक न उघडता शिकवतो याचा मला फार तोरा होता. आणि मला धक्का दिला तो शाळेत भात शिजवणाऱ्या बाईने. साधासुधा धक्का नव्हे. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिचं नाव यशोदाबाई. पोरं तिला मावशी म्हणतात, म्हणून आम्ही मास्तरही मावशीच म्हणतो. एकोणीस वर्षं ती शाळेत पोषण आहार शिजवते. अंगाने काटकुळी, आवाजाने खणखणीत आणि बोलायला इतकी फटकळ की तालुक्याहून आलेला साहेबसुद्धा तिच्यासमोर चप्पल काढूनच स्वयंपाकखोलीत पाऊल टाकतो. नवरा श्यामलाल गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला, शनिवारी घरी येणारा. माहेर कोहळ्यांचं. आमच्या भागातले निम्मे तलाव ज्यांच्या वाडवडिलांनी बांधले, ते कोहळी. एकशे दहा पोरांपैकी कोणाला वाटाणा आवडत नाही, कोण घरून उपाशी आलं आहे, कोणाला आज भात थोडा जास्त हवा, हे तिला हजेरीपटाशिवाय कळतं. हे सगळं मी आज कौतुकाने लिहितो आहे. तेव्हा माझ्या डोळ्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं.

तिची कामाची एक पद्धत होती. पटांगणात झेंड्याचा खांब आहे आणि त्याच्या बरोबर उत्तरेला स्वयंपाकाची खोली. खांबाच्या बुडापासून खोलीच्या पायरीपर्यंत सिमेंटच्या कोब्यावर एक सरळ रेघ आहे, खिळ्याने कोरलेली. सकाळी खांबाची सावली पश्चिमेकडे पडते, मग हळूहळू सरकत उत्तरेकडे वळते. ती बरोबर रेघेवर आली की यशोदाबाई तांदूळ गंजात टाकणार. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. मग तासाभरात भात, वरण, उसळ, सगळं तयार. ढगाळ दिवशी ती अंदाजाने चालवायची, पण ऊन असलं की रेघेशिवाय तांदळाचा दाणा हलायचा नाही. आधीचे मुख्याध्यापक तिने "झालं!" अशी हाक दिली की मधल्या सुट्टीची घंटा वाजवायचे. त्यामुळे जेवण वेळेवर की उशिरा, हा प्रश्नच कधी आला नाही.

गेल्या जूनमध्ये वीरेंद्र सर मुख्याध्यापक म्हणून आले. गोंदिया शहरातले, बोलणं निम्मं हिंदी, आणि शिस्तीचे भारी शौकीन. दिवाळीनंतर त्यांनी शाळेत आपोआप वाजणारी घंटा बसवली. बरोबर एकला घंटा, घंटा झाली की जेवण, आणि भात तयार झाला की त्याची वेळ वहीत.

नोव्हेंबरात सगळं छान चाललं. घंटेच्या दहा मिनिटं आधीच भात तयार. वीरेंद्र सर खूश. मग डिसेंबर सरता सरता जेवणाला पाचसात मिनिटं उशीर होऊ लागला. जानेवारीच्या मध्याला पंधरा. फेब्रुवारीत वीस. रोज एकला घंटा वाजायची, एकशे दहा पोरं ताटं घेऊन रांगेत उभी राहायची, आणि आतून यशोदाबाईचा आवाज यायचा, "थांबा रे, वाफ जिरू द्या!" नेमके तेव्हाच तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. वीस मिनिटं रिकामी ताटं बघत उभे राहिले आणि वहीत लाल शेरा मारून गेले.

वीरेंद्र सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. मीही तिथेच होतो.

"मावशी, टाइम मतलब टाइम. रोज लेट क्यों?"

"लेट नाई होऊन राह्यलं सर," ती म्हणाली. "सावली रेघेवर आली का मी तांदूर टाकतो. एकोणीस वर्सं झाले, एका रोजाचा फरक नाई. तुमची घडीच चुकून राह्यली."

वीरेंद्र सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. अगदी मोठ्याने हसलो मी. मोबाईलची वेळ उपग्रहावरून येते, शाळेची घंटा त्या मोबाईलला लावलेली, आणि ही बाई म्हणते घड्याळ चुकलं! ती माझ्याकडे बघत राहिली. मग निघून गेली.

वीरेंद्र सर म्हणाले, "सर, ये सूरज-वूरज का मामला है. तुम्ही विज्ञानाचे. तुमचं मत लेखी द्या, समितीपुढे ठेवतो." शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे पालकांची समिती. स्वयंपाक करणारीला ठेवायचं की काढायचं, हे समितीच्या हातात.

मी मत दिलं. नुसतं दिलं नाही, नटवून दिलं. जेवणाच्या वहीतल्या चार महिन्यांच्या वेळा घेतल्या आणि आलेखकागदावर ठिपके मांडले. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ठिपके एका सुरेख वळणाने वर चढत गेलेले. खाली लिहिलं: "सूर्य दुपारी बारा वाजता डोक्यावर असतो व सावली सर्वांत लहान असते, हे प्राथमिक विज्ञान आहे. सूर्य कधीही उशीर करत नाही. सोबतच्या आलेखावरून सदर बाईची ढिलाई दर महिन्याला वाढत गेल्याचे स्पष्ट दिसते. सावलीचे कारण हा कामचुकारपणा लपवण्याचा प्रयत्न आहे." खाली सही, तारीख, आणि एम.एस्सी. ही पदवीसुद्धा.

समितीची बैठक पुढच्या मंगळवारी ठरली. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. नोकरी जाणार याचं यशोदाबाईला वाईट वाटलंच असेल, पण तिला लागला तो एक शब्द. दुसऱ्या दिवशी तिने मला व्हरांड्यात अडवलं.

"सर, कामचुकार म्हनून लिवलं का तुमी?"

मी म्हणालो, "मावशी, आलेख बोलतो तो. मी नाही."

"मी बुखारात बी सैपाक केला, सर. मले काढा, पन थे नोका लिवू."

मी घाईत असल्याचं दाखवून वर्गात शिरलो.

आता विज्ञान दिन जवळ आला होता, म्हणून त्याच आठवड्यात मी आठवीला सावलीचा प्रयोग दिला होता. सोपा प्रयोग. सपाट जमिनीवर काठी उभी रोवायची, साडेअकरापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची आणि सावली सर्वांत लहान कधी झाली ते वहीत लिहायचं. सव्वीस पोरं, सात गट, सात वेगवेगळ्या जागा. मी वर्गात बसून चाचणीचे पेपर तपासत होतो. बाहेर उन्हात जायची मला गरज वाटली नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

वह्या आल्या. पहिल्या वहीत लिहिलं होतं, १२.२०. दुसरीत १२.२५. तिसरीत पुन्हा १२.२५. एकाही वहीत बारा नाही. माझं डोकंच फिरलं. एकाने चुकावं, दोघांनी चुकावं. सव्वीसच्या सव्वीस? मी लाल पेन घेतलं आणि प्रत्येक वहीत ती वेळ खोडून वर १२.०० लिहिलं. बाजूला शेरा: "नीट निरीक्षण करा. नक्कल करू नका." वर्गात उभं राहून वर पंधरा मिनिटं बोललोसुद्धा. विज्ञानात खोटी नोंद करणं म्हणजे काय पाप आहे, यावर. पुष्पांजली नावाची एक मुलगी आहे, नेहमी पहिल्या बाकावर बसते. तिने हात वर केला होता. मी म्हणालो, "खाली बस."

पण घरी गेल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. सात गट सात ठिकाणी होते. एक पाण्याच्या टाकीमागे, एक पार शाळेच्या फाटकापाशी. नक्कल करायची तर करणार कशी? आणि नक्कल केली तर सगळ्यांचा आकडा एक हवा. इथे वीस, पंचवीस, पंचवीस, वीस, असे. हे खोट्या नोंदीसारखं दिसत नव्हतं. मग ठरवलं की आपणच प्रयोग करायचा, अचूक करायचा आणि सोमवारी पोरांच्या तोंडावर मारायचा.

रविवारी मोटरसायकल काढली आणि शाळेत गेलो. पटांगणात चिटपाखरू नाही. काठी रोवली, दोरीला दगड बांधून ओळंबा धरला, काठी अगदी सरळ आहे याची खात्री केली. मोबाईल समोर ठेवला. बाराला दोन मिनिटं कमी असताना सावलीकडे बघत उभा राहिलो.

बारा वाजले. सावली चांगली लांब होती. डोक्यावर म्हणतात तो सूर्य दक्षिणेकडे कललेला होता. म्हटलं, ठीक आहे, हिवाळ्यात कलतोच. पण निदान सर्वांत लहान तरी व्हायला हवी. मी खूण केली. बारा पाचला सावलीचं टोक खुणेच्या आत गेलं होतं. बारा दहाला आणखी आत. बारा पंधराला आणखी थोडं. ऊन चटके देत होतं. मी ओळंबा पुन्हा धरला, काठी हलवून पाहिली, मोबाईल बंद करून सुरू केला. सावली आपली अजून आखूडच होत होती.

मग माझं लक्ष झेंड्याच्या खांबाकडे गेलं. त्याची सावली यशोदाबाईच्या रेघेला अजून लागलेली नव्हती. बोटभर अंतर होतं. मी पळत तिथे गेलो आणि कोब्यावर उकिडवा बसलो, मोबाईल हातात धरून. सावली सरकत सरकत आली आणि रेघेवर बसली. बारा वाजून तेवीस मिनिटं. त्यानंतर काठीची सावली पुन्हा वाढू लागली.

मी तिथेच बसून राहिलो. एकवीस वर्षं. दर वर्षी तीस-पस्तीस पोरं. सहा-सातशे पोरांना मी सांगितलं की बाराला सूर्य डोक्यावर आणि सावली पायाखाली. आणि एकदाही, आयुष्यात एकदाही, बाराला उन्हात जाऊन बघितलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तसाच उठून यशोदाबाईच्या घरी गेलो. ती अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"मावशी, ती रेघ कशी मारली तुम्ही?"

तिने सूप बाजूला ठेवलं. माझ्या तोंडाकडे एकदा निरखून पाहिलं. मी हसायला आलेलो नाही, हे तिला कळलं असावं.

"बाबाची आहे थे रीत," ती म्हणाली. तिचे वडील ईश्वरदास गावच्या मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी सोडायचे. "तुडूम त्यायच्याच हाती." तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं, बांधातलं, पाणी सोडायचं दार; बांध्या म्हणजे भाताची खाचरं. "उन्हारी धानाले सकारपासून दुपारपर्यंत वरच्या बांध्याईले पानी, दुपारपासून संध्याकारपर्यंत खालच्याईले. आता दुपार कवा झाली थे कोन सांगल? वरचा म्हने अजून नाई झाली, खालचा म्हने कवाचीच झाली. रोज भांडन. मंग बाबानं पाळीवर खुटा गाडला. सकारी खुट्याची सावली जेवढी होती तेवढा दोर घेतला आन् खुट्याभोवती गोल मारला. सावलीच्या टोकावर खूण. दुपारून सावली वाढत वाढत पुन्हा गोलाले लागली, तिथं दुसरी खूण. दोन खुणाईच्या बरोबर मधात रेघ. थेच दुपार. आपली ना परकी, कोनाचीच बाजू नाई."

"घड्याळ नव्हतं का?"

"होती ना. सरपंचाच्या हाती होती. बाबानं एक वर्स घडीच्या बारावर पानी फोडून पायलं. माघ महिन्यात वरच्यायनं कुऱ्हाडी काहाडल्या. म्हने आमाले पानी कमी येऊन राह्यलं. बाबानं मोजलं तं खरंच कमी."

हे ऐकून मी आणखीच हादरलो. तिथेच ओसरीवर बसून मोबाईलवर गोंदियाची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ काढली. त्या दिवशी सूर्य उगवला होता सहा सदतीसला आणि मावळणार होता सहा दहाला. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ काढा. पाचवीचं पोर काढेल. बारा तेवीस. म्हणजे घड्याळाच्या बारावर वाटणी केली, तर सकाळच्या भागाला दुपारच्या भागापेक्षा पाणी पाऊण तासाहून जास्त वेळ कमी. कुऱ्हाडी निघणारच. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीची वेळ काढली. उदय सहा तेरा, अस्त पाच तेहतीस. मध्य? अकरा त्रेपन्न. बाराच्या आधीच दुपार! मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. आकडा बदलला नाही.

सोमवारी शाळेला जायच्या आधी मी जुनी पुस्तकं काढून वाचली, आणि मग कपाळावर हात मारला. सगळं मला माहीतच होतं. फक्त मी ते कधी एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं. भारताची घड्याळं लागतात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर. आपण तिच्या अडीच अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणून आपली दुपार दहा मिनिटं उशिरा. हे वर्गात मीच शिकवतो. उरलेलं सगळं पृथ्वीच्या चालीचं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती अगदी गोल वाटेने नाही आणि एका वेगानेही नाही. जानेवारीत ती सूर्याच्या जवळ असते, तेव्हा भरभर जाते. जुलैत लांब असते, तेव्हा सावकाश. त्यात तिचा अक्ष कललेला. म्हणून एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा काळ कधी चोवीस तासांपेक्षा थोडा जास्त, कधी थोडा कमी. फरक रोजचा वीस-तीस सेकंदांचा, पण तो साठत जातो. घड्याळ वर्षभराची सरासरी धरून एका चालीने चालतं आणि सूर्य कधी त्याच्या पुढे, कधी मागे. नोव्हेंबरात सोळा मिनिटं पुढे, फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे. आणि डोक्यावर? आमच्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो वर्षातून फक्त दोन दिवस, एकदा मेच्या शेवटाकडे आणि एकदा जुलैत.

मग मी माझा आलेख काढला. यशोदाबाईच्या ढिलाईचा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सुरेख वळणाने चढत गेलेला. पुस्तकात सूर्याच्या उशिराचा आलेख होता. दोन्ही शेजारी ठेवले. तेच वळण. तीच चढण. मिनिटाला मिनिट. आळशी माणसाचा आलेख कधी इतका सुरेख येतो का? आज पाच मिनिटं, उद्या पंचवीस, परवा शून्य, असा वेडावाकडा यायला हवा. चार महिने एका बाईने सूर्याची चाल मिनिटाच्या अचूकपणाने नोंदवली होती, आणि मी, विज्ञानाचा एम.एस्सी., त्यावर कामचुकार असं लिहून सही ठोकली होती.

मंगळवारी समिती बसली. अध्यक्ष चंद्रकुमार, शेतकरी माणूस, मितभाषी. आणखी सहा पालक. यशोदाबाई दाराशी खाली बसली होती, खुर्ची दिली तरी घेतली नाही. वीरेंद्र सर माझा कागद वाचायला उभे राहिले. मी म्हणालो, "तो वाचू नका. तो चुकीचा आहे."

आणि मी सगळं सांगितलं. काठी, ओळंबा, बारा तेवीस, दोन आलेख. शब्द अडखळत होते, पण सांगितलं. सगळे माझ्याकडे आ वासून बघत होते. वीरेंद्र सर म्हणाले, "अरे सर, सूरज लेट चलता है, ये मैं ऊपर रिपोर्ट में लिखूं क्या?"

"लिहा," मी म्हणालो. "आणि खाली माझी सही घ्या."

चंद्रकुमार बराच वेळ दोन्ही आलेखांवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "म्हनजे घडी चुकली होती का, सर?"

"नाही. घड्याळही बरोबर आणि सावलीही बरोबर. दोघं वेगवेगळं मोजतात."

तेव्हा दाराशी बसलेली यशोदाबाई पहिल्यांदा बोलली. "घडी बी बरोबर, सावली बी बरोबर. तं मंग मी एकटीच चुकली कशी?"

वीरेंद्र सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी चंद्रकुमारांनीच विचारलं, "बाई, घंटा एकला होते. थंडीत जरा आधी तांदूर टाकशील का?"

"टाकीन ना. रेघेच्या चार बोटं आधी टाकीन. असं कोनी सांगतलंच नाई मले. सर्वायनं खोटीच म्हनली."

चंद्रकुमारांनी माझा कागद उचलला, सगळ्यांसमोर त्याचे चार तुकडे केले आणि नव्या कागदावर लिहून घेतलं की यशोदाबाईच्या कामात कोणतीही कसूर नाही. सही मी केली. ती उठली, पदर खोचला आणि "वरन उतू जाईल" म्हणून निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पण तिचं काम वाचलं होतं आणि तो शब्द पुसला गेला होता. मला वाटलं, मी सुटलो.

त्याच दुपारी आठवीच्या वर्गात गेलो. सव्वीस वह्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "चुकलो मी. तुमचं निरीक्षण बरोबर होतं, सगळ्यांचं. माझं बारा चूक होतं." मला वाटलं पोरं चकित होतील, ओरडतील, हसतील. पण कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला धक्का नाही बसला?" मी विचारलं.

पुष्पांजली उभी राहिली. "आमाले मालूम होतं सर. आमी सर्वायनं पायलं होतं ना. मावशीच्या रेघेवर बी जाऊन पायलं, सारखंच येऊन राह्यलं होतं."

"मग बोलला का नाहीत? मावशीला कामावरून काढणार होते!"

"तुमी खोडलं होतं सर. लाल पेनानं. तुमी खोडलं म्हनजे आमीच चुकलो असन, असं वाटलं." तिने मान खाली घातली. "म्हनून आमी मावशीले बी जाऊन सांगतलं, का मावशी, सर बरोबर आहे, तूच चुकून राह्यली. सर्व्याच पोरायनं सांगतलं."

मी विचारलं, "मग? काय म्हणाली ती?"

"आमच्या वह्या पायल्या. तुमचं लाल लिवलेलं पायलं. मंग आमाले वाढलं, रोजच्यासारखंच. पन त्या रोजी मावशी जेवली नाई, सर. मी ताट नेऊन दिलं, तं म्हने, तुमी बी असं म्हनता, तं मंग असन माझंच चुकलेलं."